एअरटाइट स्प्राउट मेकर, सांगलीत घेतलेला: मटकीला नको, भाताला चालेल

वस्तू काय आहे ते आधी सांगते. पांढऱ्या प्लॅस्टिकचे भोकांचे तीन गोल ट्रे एकावर एक बसतात, तळाला पाणी साठायला बिनभोकाचा वाडगा, वर पारदर्शक झाकण, झाकणाला सिलिकॉनची रिंग आणि चारी बाजूंनी क्लिपा. गणपती पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानातून घेतला, ३८० सांगितले, ३५० ला दिला. खोक्यावर कंपनीचं नावच नाही, फक्त एक गोरी बाई हसत हसत मुगाचे मोड खातीये आणि खाली मोठ्या अक्षरात "शंभर टक्के एअरटाइट, ताजे मोड". म्हणजे नाव घेऊन तक्रार करायची सोयच ठेवली नाही बघा.

चांगलं आहे ते पण सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसती नावं ठेवते. ट्रेच्या कडा घासलेल्या आहेत, हाताला लागत नाहीत, गरम पाण्याने एकदा धुतल्यावर प्लॅस्टिकचा वास गेला. वरून पाणी ओतलं की तिन्ही ट्रेमधून निथळत खाली येतं, मधे कुठे तुंबत नाही. मटकी, मूग, हुलगे, हरभरा नीट राहतात, मेथीला थोडी भोकं मोठी वाटतात पण भिजून फुगल्यावर अडकते, नाचणी मात्र विसरा, सगळी खालच्या वाडग्यात जाऊन बसते. बाळासाठी नाचणीसत्व करायला घेत असाल तर आपलं सुती फडकंच बरं.

आता मुद्द्याचं. खोक्यावर लिहिलंय की भिजवलेलं कडधान्य ट्रेमध्ये घाला, झाकण लावा, क्लिपा बंद करा आणि विसरून जा. तसंच केलं. रात्रभर भिजवलेली मटकी निथळून तिन्ही ट्रे भरले, क्लिपा लावल्या. सकाळी छोटे छोटे मोड दिसले, म्हटलं वा. संध्याकाळी क्लिप उघडली तर फस्स करून आवाज आणि मग जो वास आला की विचारू नका, शिळ्या आंबोळीच्या पिठाच्या पुढचा. मोड सकाळी होते तेवढेच, टोकं तपकिरी पडलेली, खालच्या ट्रेतली मटकी बुळबुळीत. त्याच मटकीतली त्याच दिवशी भिजवलेली मूठभर सासूबाईंनी फडक्यात बांधून खुंटीला टांगली होती, तिला हे लांब मोड. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं कोंडल्यावर काय व्हणार, जीवच हाय की त्यो."

बरोबर बोलल्या. मी ज्युनियर कॉलेजला बायो शिकवते त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे, आणि म्हणूनच रिव्ह्यू जरा लांबणार आहे, घाई असेल त्यांनी शेवटचे दोन परिच्छेद वाचा.

कोरडं बी जवळजवळ श्वास घेतच नाही. ते पाणी पितं आणि काही तासांत त्याचा श्वास एकदम वाढतो, कारण कोंब बाहेर काढायला ऊर्जा लागते आणि ती आतल्या साठ्यातून ऑक्सिजन वापरूनच नीट निघते. हवेत २१ टक्के ऑक्सिजन, म्हणजे डब्यात एक लिटर हवा कोंडली तर त्यात जेमतेम २१० मिलिलिटर ऑक्सिजन. त्यात पाव किलो भिजलेली, गच्च भरलेली मटकी. ती एवढ्यावर किती वेळ काढणार? सकाळपर्यंत जे मोड आले ते कोंडलेल्या हवेवर आले, हवा संपली तसे थांबले. फस्स आवाज झाला तो आत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा. म्हणजे डबा खोटं बोलत नव्हता, खरंच एअरटाइट आहे, आणि तीच अडचण आहे.

तळाच्या ट्रेचं जास्त वाईट का झालं तेही सांगते. तिथे निथळलेलं पाणी दाण्यांना चिकटून राहतं आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेतल्यापेक्षा साधारण दहा हजार पट हळू सरकतो. शिवाय पाण्यात असतोच किती, २५ डिग्रीच्या एका लिटर पाण्यात ८ मिलिग्रॅमच्या आसपास, तेवढ्याच हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅम. म्हणून बी बुडलं की डबा बंद करण्याच्या आधीच कोंडतं.

ऑक्सिजन नसला की पेशी लगेच मरत नाही, ती किण्वनावर जाते. साखर अर्धवट मोडते, अल्कोहोल तयार होतं, आणि एका ग्लुकोजमागे एटीपीचे (हे पेशीचं ऊर्जेचं नाणं) फक्त २ रेणू मिळतात, हवा असती तर ३० च्या आसपास मिळाले असते. वासातला थोडा भाग त्या अल्कोहोलचा, बाकीचा बुळबुळीतपणा आणि दुर्गंधी बॅक्टेरियांची, त्यांना असं ओलं, उबदार, मेलं-अर्धमेलं धान्य म्हणजे मेजवानी. आणि गंमत म्हणजे थोडं किण्वन तर नॉर्मल बियांत पण होतं. वाटाणा भिजवला की त्याचं साल फाटेपर्यंत आतपर्यंत हवा नीट पोचत नाही, तेवढा वेळ तो पण आतल्या आत अल्कोहोलच बनवत असतो, साल फाटून मूळ बाहेर आलं की मग मोकळा श्वास. प्रॉब्लेम किण्वनाचा नाही, किण्वनावरच मुक्काम करायची वेळ येते त्याचा आहे.

मग मी हट्टाला पेटले आणि घरात जे जे होतं ते सगळं या डब्यात क्लिपा लावून घालून बघितलं, सासूबाई म्हणाल्या धान्याची नासाडी चाललीये, पण रिव्ह्यू द्यायचा तर नीट द्यावा. सोयाबीन सगळ्यात आधी गेलं. ते अपेक्षितच होतं, तेलबिया या बाबतीत फार नाजूक. सोयाबीन, सूर्यफूल, जवस, मुळा, कोबी असल्या बियांचं उगवणं ऑक्सिजन २ टक्क्यांच्या जवळ आला की थांबतं, आणि ज्वारी, मका, गहू, वाटाणा अशा पिठाळ बिया त्याच्याही वीसेक पट कमी ऑक्सिजनपर्यंत तग धरतात. कारण सोपं आहे, तेलापासून ऊर्जा काढायला ऑक्सिजन जास्तच लागतो. वाळव्यात पलूसमध्ये सोयाबीन पेरल्यावर जोराचा पाऊस होऊन रानात पाणी साचलं की दुबार पेरणी का करावी लागते त्याचं एक मोठं कारण हेच. शेतकऱ्याला हे सांगायला लागत नाही, खोक्यावर लिहिणाऱ्याला लागतं.

गहू आणि ज्वारी डब्यात थोडं जास्त टिकले पण शेवटी थांबलेच.

आता शाळेतला तो प्रयोग आठवा, पट्टीला तीन बिया बांधायच्या आणि पाण्याच्या ग्लासात उभी करायची. वरची कोरडी, मधली अर्धी पाण्यात, खालची पूर्ण बुडालेली. मधली उगवते, वरची पाण्याअभावी राहते, खालची हवेअभावी. मग आपण लिहायचो, उगवणीसाठी पाणी, हवा आणि उष्णता आवश्यक. हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि दरवर्षी शिराळ्याकडचा एखादा पोरगा हात वर करून विचारतोच, मॅडम मग भाताचं काय?

भाताचं खरंच वेगळं आहे. माझं माहेर शिराळा तालुक्यातलं, दादाकडून पेरणीतनं उरलेलं बियाण्याचं भात आणलं (तांदूळ घेऊ नका, गिरणीत कोंबच निघून जातो, आणि बियाण्याला रंगीत औषध लावलेलं असेल तर ते खायच्या भांड्यात घालू नका, मी वेगळी बाटली घेतली). पाणी चांगलं उकळलं, म्हणजे विरघळलेली हवा निघून जाते, झाकून गार केलं, काचेच्या दोन बाटल्या काठोकाठ भरल्या, एकीत भात, एकीत गहू, वरून तेलाचा थर. लॅबमध्ये नायट्रोजन सोडून करतात, घरी एवढंच जमतं, थोडाफार ऑक्सिजन राहतोच, पण फरक बघायला पुरे. गहू फुगून बसला तो बसलाच. भातातनं मात्र पांढरा, नाजूक दोरा वर यायला लागला.

नीट बघितलं तर त्या दोऱ्यात एक विचित्र गोष्ट दिसते. नेहमी मोड येतो तेव्हा मूळ आणि कोंब दोन्ही बाहेर येतात. इथे मूळ नाही, हिरवं पान नाही, फक्त कोंबाच्या टोकावरची टोपी, तिला कोलिओप्टाइल म्हणतात, तीच लांबत जाते. हवेत ती जेमतेम सेंटिमीटरभर वाढून थांबते, कारण पान तिला फाडून बाहेर येतं. पाण्यात ती कित्येक सेंटिमीटर होते. नवीन पेशी फारशा बनत नाहीत, आहेत त्याच पेशी ताणून लांब केल्या जातात, कमी खर्चात जास्त उंची. मूळ आणि पान बनवायला लागणारी ऊर्जा त्या दोन-दोन एटीपीत परवडत नाही म्हणून त्यांचं काम थांबवलेलं असतं. टोपीचं टोक एकदा पाण्याच्या वर आलं की तिच्यातून हवा खाली दाण्यापर्यंत जाते, आणि मग मूळ धरतं, पान निघतं. टोक वर पोचलंच नाही, तर साठा संपेपर्यंत तो दोरा वाढतो आणि संपतो. म्हणजे भात ऑक्सिजनशिवाय उगवतं हे खरं, पण ऑक्सिजनशिवाय जगतं हे खरं नाही. वर्गात हा फरक समजवायला मला ती बाटली सगळ्यात उपयोगी पडली, डब्यापेक्षा जास्त.

गव्हाला का जमत नाही? पिठूळ साठा तर त्याच्याकडेही भरपूर असतो. पण गव्हाचं म्हणजे कोठार भरलेलं आणि किल्ली हरवलेली. स्टार्च मोडून साखर करायला अल्फा अमायलेज हे एन्झाइम लागतं, आणि ऑक्सिजन नसताना गहू आणि जव ते बनवूच शकत नाहीत. बाहेरून साखर दिली तर गहूसुद्धा हवेशिवाय थोडा उगवून दाखवतो, म्हणजे किण्वन त्यालाही येतं, अडलंय ते साखरेपाशी. भाताला मात्र हवा नसताना हे एन्झाइम बनवायची दुसरी वाट माहीत आहे. साखर कमी पडतीये आणि हवाही नाही, हे दोन्ही निरोप एका ठिकाणी जोडणारं सीआयपीके-१५ नावाचं प्रथिन तैवानच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं, ते कामाला लागलं की अमायलेजचं जनुक चालू होतं. मला हे वाचल्यावर भाताबद्दल एकदम आदर वाटायला लागला, रोज कुकरमध्ये टाकत असून.

आता दादाचा प्रश्न. शिराळ्यात आमच्याकडं धूळवाफेची पेरणी असते, म्हणजे मेच्या शेवटाला कोरड्या मातीत कुरीनं भात पेरून ठेवायचं आणि पावसाची वाट बघायची, तरवा टाकून, म्हणजे आधी रोपं तयार करून, लावण करायची भानगड नाही. २०२५ ला काय झालं ते सगळ्यांना माहितीये, वळवानं मे महिनाभर झोडपलं, मान्सून २४ मे ला केरळात आणि २६ मे ला मुंबईत, कुणाला रान तयार करायला वाफसा मिळेना. दादानं मधेच उघडीप बघून पेरलं, पुन्हा पाऊस लागला, वरच्या वाफ्यात बरं उगवलं आणि खालच्या खोलगट वाफ्यात टक्कल पडलं. मला फोन, "तू तर पोरांना शिकवतीस भात पाण्यात उगवतं म्हणून, मग माझं कुठं गेलं?"

त्याला जे सांगितलं तेच इथं लिहिते. एक तर सगळी भातं सारखी नाहीत. पाण्याखाली दोरा निघणं वेगळं आणि तो साठा संपायच्या आत पाण्याच्या वर पोचणं वेगळं, आणि यात बहुतेक लागवडीच्या जाती मार खातात. त्यात आपल्याकडं बी मातीखाली, मातीवर गाळ बसलेला, त्याच्यावर पाणी. काही जुन्या जाती मात्र यात पटाईत असतात. म्यानमारची खाओ हलान ऑन नावाची एक गावठी जात आहे, तिच्यातलं ओएस-टीपीपी-७ हे जनुक २०१५ मध्ये ओळखलं गेलं, फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचं हे काम. या जनुकामुळे कोंबाला साखर अजून कमीच पडतीये असा समज राहतो आणि तो साठ्यातनं जोरात साखर ओढून घेतो, दोरा भराभर वाढतो. थेट पेरणीच्या जातींत हे आणायची धडपड त्यासाठीच चाललीये, कारण मजूर मिळेनात म्हणून लावण सोडून पेरणीकडं सगळेच वळतायत.

दुसरं, दादाला कुणीतरी सब-१ वालं बियाणं आण म्हणून सांगितलं होतं. तो घोळ बरेच जण करतात. सब-१ए हे जनुक ओडिशाच्या एफआर-१३ए या जातीतलं, २००६ मध्ये सापडलं, स्वर्णा सब-१ भारतात २००९ ला आलं. ते मोठ्या झालेल्या रोपाला पुरात दोनेक आठवडे बुडून राहायला मदत करतं, आणि कसं तर वाढ थांबवून, गप्प बसून. उगवणीच्या वेळी बरोबर उलटं पाहिजे, जोरात वर यायला पाहिजे. त्यामुळे पेरल्या पेरल्या पाणी साचण्यावर सब-१ हा उपाय नाही. दादानं सगळं ऐकून घेतलं आणि यंदा खालच्या वाफ्याला चर काढणार म्हणाला. जनुकापेक्षा कुदळ स्वस्त पडते, ते पण खरंच आहे.

आणि सावा! भाताचा विषय निघाला की सावा राहिलाच पाहिजे. भातात उगवणारा तो सावा, खायचा नव्हे, तण सावा, इकायनोक्लोआ, त्यालाही हे ऑक्सिजनशिवाय उगवणं जमतं. त्याचाही असाच पांढरा कोंब येतो, मूळ नाही. म्हणून रानात पाणी बांधून बाकीचं बरंच तण दाबता येतं पण हा गडी पातळ पाण्याला दाद देत नाही, भाताच्या मांडीला मांडी लावून वर येतो, आणि लहानपणी दिसतोही अगदी भातासारखा. आमच्याकडच्या भांगलणीच्या बायका पानाच्या बुडाशी बघतात, भाताला पान आणि खोड मिळतात तिथं पातळ पडद्यासारखी जिभली असते, सावा तिथं गुळगुळीत असतो. माझ्या बारावीच्या पोरींना हे चित्रात कळत नाही, माझ्या वहिनीला वाकून न बघता कळतं.

बरं, डब्याकडं येते. फेकून द्यायचा का? नाही. झाकणाची सिलिकॉन रिंग काढून टाका, बोटाने ओढली की निघते. क्लिपा लावूच नका, झाकण नुसतं वर ठेवा. ट्रे निम्म्याच्या वर भरू नका, मटकी फुगते आणि मधल्या दाण्यांना हवा मिळत नाही. सकाळ-संध्याकाळ एकदा पाणी ओतून निथळा, त्यानं ओलही राहते आणि नवी हवाही आत जाते, आणि तळाच्या वाडग्यातलं पाणी प्रत्येक वेळी ओतून द्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. असं केल्यावर मटकीला फडक्याइतकेच लांब मोड आले, हुलग्याला तर जास्तच छान, आणि तिन्ही ट्रेमध्ये तीन वेगळी कडधान्यं घालता येतात हा फायदा फडक्यात नाही. उन्हाळ्यात जास्त वेळ ठेवू नका, मोड आले की फ्रिजमध्ये, आणि कच्चे खाण्यापेक्षा उसळ करून खा, ओल्या उबेत मोडांबरोबर बॅक्टेरिया पण वाढतात. दुकानदाराला जाऊन सांगितलं की खोक्यावर चुकीचं छापलंय, तर तो म्हणाला, "वहिनी, एअरटाइट म्हटल्याशिवाय खपत नाय ओ." बदलून द्यायला तयार नव्हता, पण रिंग काढून विका एवढं ऐकून तरी घेतलं.

३५० रुपयांना प्लॅस्टिक बरं आहे, डिझाइन अर्धं बरं, खोक्यावरच्या सूचना शून्य. ५ पैकी ३, तेही रिंग काढता येते म्हणून. ज्यांच्या घरी रोज मोड लागतात आणि दोनदा पाणी बदलायला माणूस आहे त्यांनी घ्या, डबा लावून ऑफिसला जाणाऱ्यांनी भोकांची स्टीलची चाळणी आणि वर ओलं फडकं, शंभर दीडशेत काम होतं. नाचणीवाल्यांनी अजिबात घेऊ नका.